नॉर्थ अँड साउथ (बीबीसी, २००४) : गिरणीतला तो पांढरा कापूस

रानजाई

गेल्या आठवड्यात चार रात्रीत चार भाग संपवले आणि तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये म्हणून धागा काढतेय. एलिझाबेथ गॅस्केलची कादंबरी, पटकथा सँडी वेल्श, दिग्दर्शन ब्रायन पर्सिव्हल. मार्गारेट हेल म्हणजे डॅनिएला डेन्बी-ॲश आणि गिरणीमालक जॉन थॉर्नटन म्हणजे रिचर्ड आर्मिटेज. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात गोष्ट: दक्षिणेतल्या हिरव्यागार हेल्स्टन गावात मार्गारेटचे वडील पाद्री असतात, त्यांच्या मनात धर्मसंस्थेबद्दल शंका येते, ते नोकरी सोडतात आणि अख्खं बिऱ्हाड उत्तरेतल्या मिल्टन नावाच्या धुराने काळवंडलेल्या गिरण्यांच्या गावात येतं. मिल्टन म्हणजे मँचेस्टरच, नाव फक्त बदललेलं. पुढे संप, मृत्यू, गैरसमज आणि प्रेम. (पुढे सगळे स्पॉयलर आहेत, पाहायची असेल तर इथेच थांबा.)

लोक ही मालिका प्रेमकथा म्हणून सुचवतात आणि आहेच ती प्रेमकथा, पण मला जे धरून बसलंय ते वेगळंच आहे. पहिल्या भागात मार्गारेट मार्लबरो मिल्समध्ये जाते, तिला ऑफिसात बसायला सांगतात, ती कंटाळून उठते आणि एक जड दार सरकवते. आत शेकडो माग खडखडतायत आणि हवेत सगळीकडे कापसाचे तंतू तरंगतायत, अगदी बर्फ पडावा तसे, आणि वर उंचावर थॉर्नटन उभा राहून सगळीकडे नजर ठेवतोय. इतकं सुंदर दृश्य की मी ते थांबवून पुन्हा पाहिलं. आणि मग थोड्या वेळाने कळतं की तोच कापूस बेसी हिगिन्स नावाच्या गिरणी कामगार मुलीच्या छातीत जाऊन बसलाय आणि तीच पोरगी खोकून खोकून मरणार आहे. मार्गारेट मावसबहिणीला पत्रात लिहिते की मी नरक पाहिला आणि तो पांढरा आहे, बर्फासारखा पांढरा. म्हणजे जे बघून आपण अहाहा म्हटलं त्याचीच आपल्याला लाज वाटायला लावली त्यांनी. मला वाटतं अख्खी मालिका त्या एका दृश्यावर उभी आहे. तुम्हाला काय वाटतं?

अक्षरपेटी

धागा काढलास ते छान केलंस. मी आधी पुस्तक वाचलं, मालिका नंतर, त्यामुळे माझी एक तक्रार आहे आणि ती तुझ्या त्याच दृश्याबद्दल आहे. दार उघडल्यावर पुढे काय होतं ते तू लिहिलं नाहीस. थॉर्नटनला एक कामगार गिरणीत धूम्रपान करताना दिसतो, तो त्याच्या मागे धावतो आणि त्याला बेदम मारतो. हे पुस्तकात अजिबात नाही. पुस्तकात मार्गारेट आणि थॉर्नटन पहिल्यांदा भेटतात ते हॉटेलात, ती दिवसभर घरं बघून दमून आलेली असते, तो वडिलांना भेटायला आलेला असतो आणि ती त्याच्याशी इतक्या शांत रुबाबात बोलते की तो मनातून ओशाळतो. दुसऱ्याला हुकूम सोडायची सवय असलेला माणूस पहिल्या पाच मिनिटांत हरतो आणि तेही कुणी आवाज न चढवता. हे किती बारीक आहे! त्याच्या जागी मारामारी टाकली. गॅस्केलबाईंचा थॉर्नटन कडक आहे, हट्टी आहे, पण पडलेल्या माणसाला लाथा घालणारा नाही, आणि हे मला आजही पटत नाही.

शांतरस

अक्षरपेटी, पण तो का मारतो ते पुढे येतं ना, तो सांगतो की एका गिरणीला आग लागून माणसं मेलेली त्याने पाहिली आहेत. कापसात एक ठिणगी पडली तर संपलंच. मला ते पटलं. मार्गारेटला फक्त मारणं दिसतं, त्यामागची भीती दिसत नाही, आणि तिचं मत पक्कं होऊन बसतं. चार तासात एवढं मोठं पुस्तक बसवायचं तर असा एक ठसठशीत प्रसंग लागतो.

धोटा

मी इथे सहसा फक्त वाचतो पण आज लिहितोय. माझे वडील मुंबईत गिरणीत साचेखात्यात (म्हणजे मागांवर, विणकामात) होते, १९८२ च्या संपापर्यंत. आता ऐंशीच्या घरात आहेत. हा धागा वाचून मी काल रात्री पहिला भाग त्यांच्यासोबत बघितला. इंग्रजी त्यांना फारसं कळत नाही, मी अधूनमधून सांगत होतो, पण गिरणीचं दार उघडलं तेव्हा सांगावं लागलं नाही. ते एकदम पुढे सरकून बसले.

मग म्हणाले, हे चूक आहे. मी म्हटलं काय चूक? म्हणाले, हे साचेखातं आहे, इथे एवढा कापूस उडत नाही, हे असं कार्डिंगला, म्हणजे कापूस पिंजायच्या खात्यात उडतं. साचेखात्यात धूळ असते, पण इथवर सूत कातून खळ लावून आलेलं असतं, ते असं भुरभुरत नाही. दुसरं म्हणाले, ही लोकं बोलतायत कशी? साचे चालू असताना शेजारच्याचं ऐकू येत नाही, ओठांवरून आणि हातवाऱ्यांवरून ओळखायचं. ते आणि त्यांचा दोस्त दोन ओळी पलीकडे उभे राहून अख्ख्या मॅचचा स्कोअर हाताने सांगायचे. आणि तिसरं, बिडीवाल्याला मारतात तिथे मला वाटलं चिडतील, तर म्हणाले मारायला नको होतं पण गेटवर काडेपेटी काढून घ्यायचे ते काय उगीच नाही.

रानजाई, तुम्ही म्हणता ते दृश्य सुंदर आहे ते मला दिसतं. पण मला ते बघताना कसंतरी झालं हे खरं. वडिलांच्या बहिणीचा नवरा कार्डिंगला होता. आमच्या चाळीत तो जिना चढायला लागला की आधी खोकला वर यायचा मग माणूस. सोमवारी जास्त. रविवारची सुट्टी झाली की सोमवारी छाती आवळायची आणि गुरुवार-शुक्रवारपर्यंत जरा बरं वाटायचं. तेव्हा आम्हाला वाटायचं सोमवारी त्याला कामावर जायचा कंटाळा येतो.

रानजाई

धोटा, वाचून काय लिहावं कळेना. तुमच्या वडिलांनी जे पकडलं ते पुस्तकाशी जुळतं का ते कोणी सांगेल का? बेसी नक्की कुठल्या खात्यात असते?

अक्षरपेटी

जुळतं! मी आत्ताच पुस्तक काढून बघितलं. बेसी स्वतः सांगते की आई गेल्यावर लगेच ती कार्डिंगमध्ये कामाला लागली आणि तिथला तंतू छातीत गेला. धोटा, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा, त्यांनी एका नजरेत जे पकडलं ते गॅस्केलबाईंनी १८५४ मध्ये बरोबर लिहिलं होतं आणि टीव्हीवाल्यांनी चित्र चांगलं दिसावं म्हणून सगळा कापूस मागांवर आणला.

आणि त्याच पानावर जे आहे ते मालिकेत थोडक्यात येतं, ते सविस्तर लिहिते कारण मला ते पुस्तकातलं सगळ्यात भयंकर पान वाटतं. बेसी म्हणते काही गिरण्यांत खोलीच्या एका टोकाला मोठं चाक बसवतात, त्याने वारा ओढला जातो आणि धूळ बाहेर जाते. पण त्या चाकाला पाचसहाशे पौंड पडतात आणि नफा तर काही होत नाही, म्हणून फार थोडे मालक बसवतात. इथपर्यंत आपल्याला मालकांचा राग येतो. पण ती पुढे म्हणते की काही कामगारांनाच चाक नको असतं, कारण इतकी वर्षं तंतू गिळायची सवय झालेली असते की तो पोटात गेला नाही तर भूक जास्त लागते, आणि मग चाक बसवायचं तर मजुरी वाढवून द्या म्हणतात. हे वाचून मी पुस्तक बाजूला ठेवलं होतं. बेसी एकोणीस वर्षांची आहे, मार्गारेटच्याच वयाची.

मालिकेत थॉर्नटनच्या गिरणीत असं चाक आहे असं दाखवलंय, त्याला जरा चांगला ठरवायला.

शांतरस

मार्गारेट आणि बेसी एका वयाच्या हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. ॲना मॅक्सवेल मार्टिनने बेसी काय केलीय. तिचा बाप निकोलस हिगिन्स म्हणजे ब्रेंडन कॉयल, जो नंतर डाउन्टन ॲबीमध्ये बेट्स झाला. आणि मार्गारेटचे वडील हेलबुवा म्हणजे टिम पिगॉट-स्मिथ, हा माणूस १९७५ च्या बीबीसीच्या जुन्या नॉर्थ अँड साउथमध्ये मुलगा फ्रेडरिक झाला होता आणि तिथे थॉर्नटन होता पॅट्रिक स्टुअर्ट. तीस वर्षांनी त्याच घरात बाप होऊन आला.

पेनाईन

मी नोकरीमुळे गेली काही वर्षं लँकेशरमध्ये राहतोय. गिरणीतलं चित्रीकरण ज्या ठिकाणी झालं त्यातली एक क्वीन स्ट्रीट मिल, बर्नलीला. मी जाऊन आलोय. मालिकेच्या काळातली नाही ती, १८९४ ची आहे, पण वाफेच्या इंजिनावर चालणारे माग अजून तिथे आहेत, तीनशेच्या आसपास. इंजिनाचं नाव पीस. ते सगळे माग एकदम चालवत नाहीत, मी गेलो तेव्हा थोडेच चालू केले होते तरी छातीत धडधड व्हायला लागली, कानात म्हणण्यापेक्षा पायातून वर येतो तो आवाज. तिथल्या गाईडने हेच सांगितलं जे धोटांचे वडील म्हणाले, की इथल्या बायका ओठांच्या हालचालींवर बोलायच्या, त्याला इथे मी-मॉइंग म्हणतात, आणि घरी आल्यावरही त्यांची तोंडं मोठमोठी हलायची.

ती गिरणी कापड काढायची बंद झाली १९८२ मध्ये. मार्चमध्ये. हे मी तिथे पाटीवर वाचलं तेव्हा मला एकदम लालबाग आठवलं होतं. आज धोटांनी ८२ लिहिलं म्हणून पुन्हा आठवलं.

धोटा

बाबांना आत्ता वाचून दाखवलं. काही बोलले नाहीत. मग विचारलं, तिथल्या साच्यांचं काय झालं, भंगारात गेले का? मी म्हटलं नाही, ठेवलेत. म्हणाले बरं केलं.

बखरवेडा

या धाग्यावर यायला उशीर झाला पण इतिहासाची थोडी भर घालतो. कादंबरी डिकन्सच्या हाउसहोल्ड वर्ड्स साप्ताहिकात सप्टेंबर १८५४ ते जानेवारी १८५५ अशी क्रमशः आली. त्याच्या आधी त्याच साप्ताहिकात डिकन्सची स्वतःची हार्ड टाइम्स संपली होती, तीही गिरणगावावरच. डिकन्स लँकेशरमधल्या प्रेस्टनचा संप बघायला रेल्वेने जाऊन परत आला, गॅस्केलबाई मात्र पाद्री नवऱ्याबरोबर मँचेस्टरलाच राहत होत्या, कामगारवस्तीत त्यांचं येणंजाणं होतं. फरक जाणवतो तो तिथेच. नावही डिकन्सचं, बाईंना मार्गारेट हेल हेच नाव हवं होतं. हप्त्यांच्या लांबीवरून दोघांचे खटके उडाले आणि शेवट घाईत उरकावा लागला म्हणून पुस्तक छापताना बाईंनी तो भाग वाढवला.

प्रेस्टनला १८५३-५४ मध्ये कामगार आधी कापलेली दहा टक्के मजुरी परत मागत होते, मालकांनी टाळेबंदी केली, बाहेरून माणसं आणली, आणि बरेच महिने तगून कामगार हरले. मालिकेतला संप बराचसा तोच आहे, आयरिश मजूर आणण्यासकट.

आणि ज्या १८५४ साली ही कादंबरी तिकडे छापून येत होती त्याच साली मुंबईत कावसजी दावरांनी ताडदेवच्या पहिल्या कापड गिरणीची जुळवाजुळव केली, १८५६ मध्ये ती सुरू झाली. यंत्रं लँकेशरची. पुढे अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, लँकेशरच्या गिरण्या कापसावाचून बंद पडल्या, तेव्हा इथला कापूस तिकडे गेला आणि मुंबईत पैशाचा पूर आला, तो १८६५ मध्ये युद्ध संपल्यावर ओसरला. थॉर्नटनसारख्यांची खरी परीक्षा तर कादंबरी संपल्यावर पाच-सहा वर्षांनी होणार होती. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली ती १८९० मध्ये, म्हणजे मार्गारेट असती तर पन्नाशी ओलांडलेली असती.

सायलीताई

सगळे गिरणीवर लिहितायत, मला थॉर्नटनच्या आईवर लिहायचंय. शिनेड क्युसॅक. पहिल्यांदा बघताना वाटतं ही खाष्ट सासू. पण तिचं सगळं आयुष्य बघा, नवऱ्याने सट्ट्यात पैसा घालवला आणि जीव दिला, हिने मुलाला शाळेतून काढून कापडाच्या दुकानात लावलं, आठवड्याला पंधरा शिलिंग पगार आणि त्यातले तीन ही बाजूला टाकायची. त्यातून नवऱ्याचं कर्ज फेडलं. अशा बाईने घरात येणाऱ्या पोरीकडे हसून बघावं ही अपेक्षाच चुकीची आहे.

संपाच्या वेळच्या दंगलीत मार्गारेट जॉनच्या आड उभी राहते, त्यानंतर आईला खात्री असते की जॉन आता मार्गारेटला मागणी घालणार आणि ती पोरगी हो म्हणणार. पुस्तकात ती काय करते माहितीये? कपाटातले चांगले चादरी-टेबलक्लॉथ काढते ज्यावर तिची आणि नवऱ्याची अक्षरं भरलेली आहेत, आणि ती अक्षरं एक एक टाका उसवायला बसते, कारण आता सुनेची अक्षरं घालायची. तोंडाने एक गोड शब्द निघत नाही पण हात ते करतायत. आणि मुलगा नकार घेऊन घरी येतो. मी पन्नाशीत आहे, मुलगा लग्नाचा आहे, मी ते पान वाचून रडले हे इथे सांगायला मला काही वाटत नाही.

शांतरस

सायलीताई +१. तो नकार घेऊन घरी येतो तेव्हा आईच्या जवळ बसून म्हणतो की तुझ्याशिवाय माझ्यावर कुणी माया करत नाही, तिथे मीही रडले होते.

आणि आता कोणीतरी बर्फातल्या बग्गीबद्दल बोला हो. मार्गारेट मिल्टन सोडून चाललीय, तो वर पायऱ्यांवर उभा, मनात म्हणतोय मागे वळून बघ, एकदा बघ. ती बघत नाही. मार्टिन फिप्सचं संगीत. आणि मला आत्ता हा धागा वाचताना लक्षात आलं, पहिल्या भागात कापूस बर्फासारखा उडतो आणि इथे खरा बर्फ पडतोय. तो सगळ्या मालिकेत पांढऱ्यातच उभा आहे.

रानजाई

शांतरस, हे मला सुचलंच नव्हतं!! मग शेवट बघ, शेवटी स्टेशनवर ऊन आहे, हिरवं आहे, आणि त्याच्या हातात हेल्स्टनचं पिवळं गुलाबाचं फूल.

अक्षरपेटी

स्टेशनवरचा शेवट मला आवडतो, त्या काळी असं चारचौघात कोणी चुंबन घेतलं नसतं हे मान्य करूनही. दोघं प्रवासात, एक दक्षिणेला जाऊन परतणारा एक उत्तरेला जाऊन परतणारी, आणि मधल्या फलाटावर भेटतात, नावाला शोभेल असाच आहे. पण पुस्तकातला शेवट मला जास्त आवडतो कारण तो हिशेबाचा आहे. लंडनमधल्या एका दिवाणखान्यात मार्गारेट कागद चाळत सांगते की माझे अठरा हजार सत्तावन्न पौंड बँकेत नुसते पडलेत, अडीच टक्के व्याज मिळतंय, ते तुम्ही घेतलेत तर मला जास्त व्याज मिळेल आणि तुमची गिरणी चालेल. बस. हेच तिचं प्रेमपत्र. ती त्याला उपकार म्हणून देत नाही, धंदा म्हणून देते, कारण तिला आता कळलंय की या माणसाचा मान कशात आहे. पहिल्या भेटीत व्यापाऱ्यांना कमी लेखणारी मुलगी शेवटी टक्केवारीत बोलते. रानजाई, तू म्हणालीस मालिका कापसाच्या दृश्यावर उभी आहे, तर माझ्या मते पुस्तक या अठरा हजार सत्तावन्नवर उभं आहे.

रानजाई

हे पटलं. आणि दोन्हीकडे गोष्ट एकच होते ना, चाकाला सहाशे पौंड पडतात आणि नफा नाही, आणि इथे अठरा हजार पडून आहेत.

धोटा

दुसरा भाग झाला आमचा. संपाबद्दल मला लिहायचंय. मालिकेने संपाला न्याय दिलाय असं बखरवेडा यांना वाटत असेल पण मला त्यातल्या बाउचर या कामगाराबद्दल राग आहे. म्हणजे त्या माणसाचा नाही, त्याला ज्या जागी उभं केलंय त्याचा. सहा पोरं, बायको आजारी, तो मोडतो, दगडफेकीत पुढे होतो आणि त्याच्यामुळे अख्खा संप बदनाम होतो. असं दाखवलं की बघणाऱ्याला वाटतं संप मोडला तो बाउचरमुळे. संप मोडतो तो घरातला डबा रिकामा झाल्यामुळे. आमच्याकडे आईने आधी बांगड्या मोडल्या, मग आम्हा भावंडांना गावी आजीकडे पाठवलं कोकणात, मी तेव्हा दुसरीत होतो. मला वाटलं सुट्टी आहे. परत आलो तेव्हा वडील दुसऱ्याच कामाला जात होते.

बखरवेडा

धोटा, तुमचं बरोबर आहे, पण एक बघा, हिगिन्स. संपाचा पुढारी, बाउचरवर सगळ्यात जास्त चिडलेला तोच. बाउचर त्या रंगाच्या पाण्याने रंगलेल्या ओढ्यात जीव देतो आणि त्याची पोरं शेवटी सांभाळतो कोण, तर हिगिन्स. त्यांच्यासाठीच तो मान खाली घालून थॉर्नटनच्या दारात काम मागायला तासन्‌तास उभा राहतो. त्या काळात मध्यमवर्गीय वाचकासाठी लिहिताना युनियनच्या पुढाऱ्याला असा माणूस म्हणून उभं करणं सोपं नव्हतं, तेव्हाच्या बऱ्याच लिखाणात पुढारी म्हणजे भडकवणारा लबाड असाच यायचा.

धोटा

हिगिन्सबद्दल मान्य. आणि खानावळीचं बाबांना फार आवडलं, मी पुढचं थोडं सांगून टाकलं की मालक कामगारांसाठी घाऊक धान्य आणतो, स्वयंपाकघर काढतो आणि नंतर कामगारच त्याला आपल्यात जेवायला बोलावतात. बाबा म्हणाले जेवायला बसला ते चांगलं केलं, पण पगाराचं काय ठरलं ते विचार.

मला उत्तर माहीत नव्हतं. अक्षरपेटी, पुस्तकात असेल तर सांगा.

अक्षरपेटी

नाही ठरत धोटा. मजुरीचा प्रश्न पुस्तकात सुटत नाही. थॉर्नटन शेवटी एवढंच म्हणतो की असे प्रयोग करून संप थांबतील असं नाही, झाले तर पूर्वीइतके कडवट होणार नाहीत एवढीच आशा. तुमच्या वडिलांनी नेमकं तेच विचारलं जे बाईंनी उघडं सोडलंय.

सायलीताई

धोटा, बाबांना पुढचे दोन भाग दाखवताय ना? त्यांना काय वाटलं ते लिहा हं इथे.

धोटा

आज रात्री तिसरा लावणार आहे ताई. सकाळीच विचारत होते, ती खोकणारी पोरगी, तिला गावी का नाही पाठवत कोणी, हवा बदलली तर बरी होईल. मार्गारेट तिला हेल्स्टनचं सांगत असते ना झाडांचं, शेतांचं, तेव्हापासून त्यांच्या मनात तेच आहे. मी अजून काही सांगितलेलं नाही.